वेस्टर्न ओपन: शिकागो पश्चिमेला कधी होतं?

फुटाळाकाठ (धागालेखक), शनिवार, रात्री ११.४०

गोल्फशी माझी ओळख ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटेची. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या तोंडाशी आली होती. बर्डी म्हणजे काय हे ज्यांना आदल्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं असे आम्ही घरातले चौघं टीव्हीसमोर बसलो होतो. मध्येच पाऊस आला, खेळ थांबला, आईने तेवढ्यात पोहे टाकले. अदिती चौथी आली. मला मात्र तिच्यामागून बॅग घेऊन चालणारी बाई लक्षात राहिली. ती तिची आई होती. ऑलिंपिकमध्ये आई मुलीची कॅडी! तिथून वाचायचं वेड लागलं आणि वाचता वाचता वेस्टर्न ओपन या जुन्या अमेरिकन गोल्फ स्पर्धेपाशी येऊन थांबलो. मराठीत यावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

१८९९ साली शिकागोच्या गोल्फ क्लबांनी मिळून वेस्टर्न गोल्फ असोसिएशन काढली आणि त्याच वर्षी ग्लेन व्ह्यू क्लबवर पहिली वेस्टर्न ओपन भरवली. 'ओपन' म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही खुली. विली स्मिथ नावाचा स्कॉटलंडच्या कार्नुस्टी गावचा माणूस प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, जिंकला. त्याच वर्षी यूएस ओपनही त्यानेच ११ स्ट्रोकांनी मारली (स्ट्रोक म्हणजे फटका, ज्याचे कमी तो जिंकतो). एवढ्या मोठ्या फरकाचा हा विक्रम मोडायला २००० सालचा टायगर वूड्स यावा लागला. विली पुढे मेक्सिकोला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला.

आता नकाशा काढा. शिकागो पश्चिमेला आहे का? नाही. अमेरिकेच्या मधोमध, जरा उजवीकडेच. मग 'वेस्टर्न' का? कारण अमेरिकन गोल्फचं दप्तर तेव्हा पूर्व किनाऱ्यावर होतं. यूएस गोल्फ असोसिएशन १८९४ ची, कारभार न्यूयॉर्ककडच्या मंडळींचा. त्यांच्या ओसरीवर बसून बघितलं की शिकागो पश्चिमेलाच दिसणार.

नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुंबईच्या माणसाला कसारा घाट ओलांडला की पुढचं सगळं 'तिकडे विदर्भात' असतं. क्रिकेटमध्ये मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात, आपण मध्य विभागात. दिशा कोणती हे ज्याच्या हातात दप्तर तो ठरवतो. फरक एवढाच की शिकागोवाल्यांनी लोकांनी दिलेली दिशा उचलली आणि तिचाच झेंडा केला. तुम्ही म्हणता ना पश्चिम, घ्या पश्चिम, ही आमची संघटना आणि हा आमचा चषक.

आणि चषक साधा नव्हता. विली अँडरसनने ४ वेळा जिंकला, त्यातला १९०२ चा क्लीव्हलंडला २९९ स्ट्रोकांत. अमेरिकेत ७२ होलना (म्हणजे चार फेऱ्यांना) ३०० च्या खाली कोणी पहिल्यांदाच आलं होतं. वॉल्टर हेगन ५ वेळा जिंकला. राल्फ गुल्डाल १९३६ ते १९३८ सलग तीनदा. आज मोठी मानली जाणारी मास्टर्स स्पर्धा १९३४ ला सुरू झाली. त्याआधीच्या काळात खेळाडू वेस्टर्न ओपनला यूएस ओपनच्या खालोखाल मानायचे. नंतर हळूहळू मास्टर्सचं वजन वाढलं आणि हिचं उतरत गेलं.

पण मला खरं सांगायचंय ते चिक इव्हान्सबद्दल. शिकागोतला मुलगा, आठव्या वर्षापासून एजवॉटर क्लबवर लोकांच्या बॅगा उचलायचा. तेव्हा नियम असा की १६ वर्षांनंतर कॅडी म्हणून पैसे घेतले तर हौशी दर्जा जायचा, म्हणून सोळाव्या वर्षी बॅग खाली ठेवली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेला, पैशाअभावी शिक्षण सोडावं लागलं. १९१० साली हौशी खेळाडू असूनही वेस्टर्न ओपन जिंकला. १९१६ साली यूएस ओपन आणि यूएस अ‍ॅमॅच्युअर (फक्त हौशींसाठीची) एकाच वर्षी जिंकणारा पहिला माणूस ठरला. बॅगेत किती क्लब? फक्त ७. (आजचा नियम १४ पर्यंतचा आहे. आमच्या सोसायटीतले एक काका १४ ही घेऊन जातात आणि एकाने खेळतात.)

मग गोल्फ शिकवणाऱ्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या, त्यात इव्हान्सचा आवाज, आणि मानधनाचे पैसे आले. घ्यावेत तर हौशी दर्जा जातो, नाकारावेत तर वाया जातात. आई म्हणाली, कॅडी पोरांच्या शिक्षणाला दे. त्याने वेस्टर्न गोल्फ असोसिएशनला गळ घातली आणि १९३० मध्ये पहिले दोन कॅडी नॉर्थवेस्टर्नला दाखल झाले. ज्या विद्यापीठातून स्वतःला बाहेर पडावं लागलं त्याच विद्यापीठात! आज या शिष्यवृत्तीवर शिकून बाहेर पडलेल्यांची संख्या १२,००० च्या वर आहे. फी पूर्ण, राहण्याची सोय वेगळी. लागतं काय, तर चांगले गुण, चांगलं वर्तन, घरची खरी गरज आणि कॅडी म्हणून केलेलं काम.

स्पर्धेचं मात्र २००७ साली नाव बदललं. आता ती बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप. त्याआधीही पुढे बिरूद लागतच होतं: मोटोरोला वेस्टर्न ओपन, मग डोकेदुखीच्या गोळीवाली अ‍ॅडव्हिल वेस्टर्न ओपन, मग सियालिस वेस्टर्न ओपन (सियालिस कशाची गोळी हे ज्याने त्याने बघावं). पण तोपर्यंत 'वेस्टर्न' शाबूत होतं. २००७ ला तेच गेलं.

जाणकारांनी भर घालावी.

---

तर्रीवाला, शनिवार, रात्री ११.५८

काय राजेहो, गोल्फ? नागपुरात? मे महिन्यात ४५ डिग्रीत ग्रीनवर पोह्याची तर्री ठेवली तर उकळून जाईल.

पण पूर्ण वाचला भाऊ. सियालिस ओपन वाचून बायकोनं विचारलं का हसून राहिला, तिले सांगता नाही आलं.

---

मास्तर_महाल, रविवार, सकाळी ७.१०

लेख आवडला. एक भर आणि एक तक्रार.

भर: १९१० ची वेस्टर्न ओपन मॅच प्ले पद्धतीने खेळली गेली होती, म्हणजे एकास एक, जिंकेल तो पुढे. त्या स्पर्धेच्या इतिहासात तेवढ्याच वर्षी. व्यावसायिकांना समोरासमोर एकेक करून हरवून कॅडी पोरगा जिंकला हे जास्त गोड आहे, म्हणून सांगितलं. शिवाय १९८५ साली पुन्हा एक हौशी जिंकला, स्कॉट व्हर्प्लँक, प्लेऑफमध्ये. कॉलेजात शिकत होता. हौशी असल्यामुळे बक्षिसाची रक्कम घेता आली नाही.

तक्रार: नाव गेल्याचं तुम्ही दोन ओळींत उरकलंत. १०७ वर्षांचं नाव. आपण १९५६ साली राजधानीपण गेलेल्या शहरात राहतो, आपल्याला तरी हे टोचायला हवं. नाव गेलं की आधी पाट्या जातात, मग आठवण जाते. आज विशीतल्या पोराला सी. पी. अँड बेरार (नागपूर राजधानी असलेला जुना प्रांत) म्हणजे काय विचारा, सीपी क्लबच्या पलीकडे सांगता येणार नाही. आणि ती स्पर्धा आता गावोगाव भटकते. २०२४ ला कोलोरॅडो, २०२५ ला मेरीलँड. पश्चिमेची स्पर्धा थेट पूर्व किनाऱ्याला नेऊन खेळवली! ज्यांच्याशी स्पर्धा म्हणून काढली त्यांच्याच अंगणात.

---

फुटाळाकाठ, रविवार, सकाळी ९.२५

@मास्तर, मॅच प्लेची भर उत्तम. पण भटकण्याबद्दल असहमत. पहिली साठ वर्षं ती भटकतच होती, १९०२ ला क्लीव्हलंडला होती हे मी वर लिहिलंय. शिकागोच्या आसपास कायमची बसली १९६२ पासून २००६ पर्यंत. म्हणजे आपण जिला परंपरा म्हणतोय ती मधली ४५ वर्षंच.

---

शिकागोतली_वैदर्भी, रविवार, दुपारी १२.०५ (इकडे शनिवार नुकताच उलटलाय)

माहेर धंतोली, सासर शिकागोचं उपनगर. ऑगस्ट २०२३ मध्ये ऑलिंपिया फील्ड्सला ही स्पर्धा झाली तेव्हा ऑफिसच्या लोकांबरोबर गेले होते. शेवटच्या दिवशी व्हिक्टर हॉव्हलँडने ६१ स्ट्रोकांत फेरी मारली आणि जिंकला. मला त्यातलं काही कळलं नाही. आजूबाजूचे लोक श्वास रोखून बसले की मीही रोखत होते. खरी गंमत अशी की आमच्या टीममधला एक सहकारी स्वतः इव्हान्स स्कॉलर, म्हणजे त्याच शिष्यवृत्तीवर शिकलेला, निघाला. पन्नाशीचा माणूस, वडील ट्रक चालवायचे, तेराव्या वर्षापासून बॅगा उचलल्या, त्यावर इंजिनिअर झाला. दर वर्षी न चुकता पैसे पाठवतो. त्याला मी विचारलं, वेस्टर्न नाव गेलं त्याचं वाईट वाटतं का? तो म्हणाला, नाव विकून जेवढी पोरं शिकली त्यांना विचार. स्पर्धेचा निधी शिष्यवृत्तीलाच जातो.

आणि मास्तर, तुम्ही एक विसरलात. बायकांची वेस्टर्न ओपन. १९३० ते १९६७. पॅटी बर्ग ती ७ वेळा जिंकली. आजच्या अधिकृत याद्यांमध्ये बायकांची वेस्टर्न ओपन मेजर (म्हणजे सर्वांत मानाची स्पर्धा) म्हणून मोजतात, पुरुषांची मोजत नाहीत! एवढं एक ठिकाण सापडलं जिथे आम्ही पुढे आहोत, ते नोंदवून ठेवते.

पुरुषांच्या स्पर्धेचं काय झालं तेही सांगते. १९७४ पासून ती बटलर नॅशनल क्लबवर व्हायची. क्लब पुरुषांचा, बाईला सभासदत्व नाही. १९९० साली अमेरिकेत क्लबांच्या भेदभावावरून मोठा गदारोळ झाला आणि टूरने (व्यावसायिक स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेने) नियम केला की असले क्लब नकोत. बटलरने नियम बदलण्यापेक्षा स्पर्धा सोडली. १९९१ पासून स्पर्धा गेली कॉग हिलला, म्हणजे पैसे भरून कोणीही खेळू शकेल अशा सार्वजनिक मैदानावर. त्या मैदानाचा मालक जो जेम्सेक. तो तिथेच लहानपणी कॅडी होता आणि मोठेपणी त्याने ते मैदान विकत घेतलं. टायगर वूड्स १९९७, १९९९, २००३ ला जिंकला ते इथेच.

---

तर्रीवाला, रविवार, दुपारी १२.३१

जिथं बॅग उचलली तेच मैदान विकत घेतलं?? हा तर आपला माणूस निघाला बाप्पा.

---

धरमपेठी, रविवार, दुपारी ३.४०

क्रिकेटच्या धाग्यांवर मला शिव्या पडतात, इथे पडणार नाहीत या आशेने लिहितो.

कॅडींचा विषय निघालाच आहे तर इंडियन ओपन बघा. १९६४ ला सुरू झाली, पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन, ब्रिटिश ओपन ५ वेळा जिंकलेला. दुसऱ्याच वर्षी बिल्लू सेठी हौशी असून जिंकले. त्यानंतर भारतीय जिंकायला १९९१ उजाडलं. कोण? अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला. १९९३ ला पुन्हा तोच. २००२ ला लखनौचा विजय कुमार, तोही कॅडी. २००९ ला बंगळुरूचा मुनियप्पा, तोही कॅडी. २०१६ आणि २०१७ ला चौरासिया, ज्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर गवताची निगा राखायचे. ते रॉयल कलकत्ता १८२९ चं, ब्रिटिश बेटांबाहेरचं सर्वांत जुनं. म्हणजे शिकागोच्या संघटनेला ७० वर्षं बाकी होती तेव्हापासून आपल्याकडे कोणीतरी कोणाची तरी बॅग उचलतंय.

आता फरक बघा. तिकडेही हेगन कॅडी, हॉगन कॅडी, सराझन कॅडी, तिघंही वेस्टर्न ओपन जिंकलेले. पण तिकडच्या ज्या कॅडीचा खेळ चालला नाही त्यालाही इव्हान्सच्या शिष्यवृत्तीचा रस्ता होता. आपल्याकडे अली शेर झालात तर पेपरात फोटो, नाही तर उद्या सकाळी पाचला पुन्हा गेटवर. माझं म्हणणं एवढंच की चॅम्पियन मोजून कॅडींची स्थिती कळत नाही.

---

मास्तर_महाल, रविवार, संध्याकाळी ६.१५

@धरमपेठी, यावेळी शिवी नाही, सहमत.

@वैदर्भी, तुमच्या सहकाऱ्याच्या उत्तरापुढे मला बोलता येत नाही, पण पटलंही नाही. विकायला आधी नाव मोठं असावं लागतं. ते मोठं केलं विली अँडरसनने, हेगनने, तुमच्या पॅटी बर्गने. गाडीच्या कंपनीने पैसे मोजले ते त्या १०७ वर्षांचे मोजले. घर विकून पोरगा शिकवला तर बापाला शहाणा म्हणावं, पण घर गेलं हे म्हणायचंच नाही का? विदर्भाने रणजी २०१७-१८ ला जिंकली, लगेच पुढच्या वर्षी जामठ्याला (नागपूरच्याच मैदानावर) जिंकली, २०२४-२५ ला पुन्हा जामठ्याला. उद्या भरपूर पैसे घेऊन संघाच्या नावातलं 'विदर्भ' काढलं आणि त्या पैशात हजार पोरं शिकवली तर तुम्ही टाळ्या वाजवाल?

---

शिकागोतली_वैदर्भी, रविवार, संध्याकाळी ७.०२

वाजवीन. आणि घरी येऊन रडेन.

---

रेनकोट_विसरलेला, रविवार, रात्री ८.२०

१९७५ चा किस्सा कोणीच कसा सांगितला नाही? २७ जून, बटलर नॅशनल, दुसरी फेरी. वादळ आलं, खेळ थांबला. ली ट्रेविनो तेराव्या ग्रीनजवळ तळ्याच्या कडेला आपल्या बॅगेला टेकून बसला, शेजारी जेरी हर्ड. वीज पडली. दोघं फेकले गेले. मैदानावर दुसरीकडे असलेल्या बॉबी निकोल्सलाही झटका बसला. तिघंही इस्पितळात, तिघंही वाचले. ट्रेविनोच्या पाठीचं पुढच्या वर्षी ऑपरेशन झालं, पण पाठ आधीसारखी राहिली नाही. स्पर्धा हेल आयर्विन जिंकला, ते कोणाला आठवत नाही. त्यानंतर गोल्फमध्ये विजेच्या इशाऱ्याकडे गांभीर्याने बघायला लागले.

हा ट्रेविनोही डॅलसमध्ये कॅडी म्हणून वाढलेला, बरं का.

जूनचा शेवट, उघडं मैदान, तळं, हातात धातू. आपल्याकडे मृगात शेतावर हेच होतं, फक्त बातमी आतल्या पानावर चार ओळींची. अवांतर: पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये घेऊन ठेवा, आजूबाजूला वीज पडण्याची शक्यता दाखवतं. शेतावर जाणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये तर आधी.

---

फुटाळाकाठ, रविवार, रात्री ९.०५

हा किस्सा मी मुद्दाम राखून ठेवला होता, दुसऱ्या भागासाठी. आता दुसरा भाग कशावर लिहू?

---

तर्रीवाला, रविवार, रात्री ९.०७

सियालिसवर.

---

कामठीकर, सोमवार, सकाळी १०.५०

फक्त वाचायला येतो इथं, लिहीत नाही. आज लिहितो.

माझा मामा लहानपणी बॅगा उचलायचा. कोणत्या मैदानावर ते सांगत नाही, मामाला आवडणार नाही. सातवीत होता. सकाळची शाळा बुडायची, मग शाळाच सुटली. पुढे सायकलचं दुकान टाकलं, चांगलं चाललं, दोन्ही पोरींना शिकवलं. पण बॅगांचं कधी बोलला नव्हता. एकदा फक्त माझ्या लग्नात कोणीतरी सुटकेस उचलायला गेला तर म्हणाला, पट्टा उजव्या खांद्यावर नको घेऊ, डाव्यावर घे, उजवा हात मोकळा लागते. तेव्हा कळलं नव्हतं का ते.

काल रात्री त्याला हा धागा वाचून दाखवला. नजर कमी झालीय, म्हणून मोठ्यानं वाचला. इव्हान्सची आई आली तिथं म्हणाला, बाई हुशार होती. जो जेम्सेकचं दोनदा वाचायला लावलं. मैदान किती एकराचं होतं विचारलं. नावाच्या वादावर काही बोलला नाही, झोप लागली का म्हणून पाहिलं तर जागाच होता.

विजेचा किस्सा वाचला तेव्हा उठून बसला. म्हणे आमच्या वेळेस आभाळ भरलं की साहेबलोक शेडात जायचे आणि आम्ही चार पोट्टे बॅगांवर ताडपत्री धरून बाहेर. बॅग भिजली तर पैसे कापत. एकदा निंबाच्या झाडावर पडली, आमच्यापासून पन्नास पावलांवर. कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. घरी सांगितलं नाही, नाही तर आईनं जाऊ दिलं नसतं.

मग मला म्हणाला, पुन्हा वाच तो भाग. वाचला. ट्रेविनो बॅगेला टेकून बसला, शेजारी हर्ड, दुसरीकडे निकोल्स, तिघं इस्पितळात.

"अन् त्याची बॅग उचलणारा पोट्टा कोठी होता रे त्या टायमाले?"